क्यूआर आमच्या नावाचा, खातं त्याचं

आमच्या खात्यातून एक रुपयाही कोणी काढला नाही. ओटीपी विचारला नाही, लिंक पाठवली नाही. बँकेत, पोलिसांत, नातेवाइकांत, जिथे जिथे सांगितलं तिथे पहिला प्रश्न हाच आला, "मग फसवणूक झाली कुठे?" म्हणून सविस्तर लिहिते. आमच्यासारखे घरगुती धंदे आता गावोगाव आहेत, आणि ऑनलाइनची कामं बाहेरच्या माणसाकडे देणंही सगळीकडे सुरू झालं आहे.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात. जीआय मानांकन मिळालेली वायगाव हळद याच पट्ट्यातली. घरची हळद, भिवापूरकडून आणलेल्या मिरचीचं तिखट आणि जवसाची चटणी, एवढाच आमचा माल. दळण, चाळण, पॅकिंग मी आणि माझी धाकटी जाऊ करतो. नागपूरच्या एका प्रदर्शनात स्टॉल लावला आणि तिथून व्हॉट्सअॅपवर ऑर्डरी यायला लागल्या. उन्हाळ्यात एकीकडे मिरचीची देठं खुडायची, हाताची आग होत असताना दुसरीकडे फोनवर "दर काय? कुरिअर किती? पुण्याला कधी पोहोचेल?" याची उत्तरं द्यायची. अर्ध्या लोकांना उत्तर जायचंच नाही. मदत हवी होती, आणि ती घेणं यात काही वावगं नव्हतं, हे मी आजही म्हणते.

ओळखीतून एक मुलगा मिळाला. नागपुरात राहायचा, स्वतःला व्हर्च्युअल असिस्टंट म्हणवायचा. घरी बसून सात-आठ धंद्यांची कामं पाहतो म्हणाला. ऑर्डर लिहून घेणं, कुरिअर बुक करणं, फोटो टाकणं, जीएसटीचं विवरणपत्र भरणं, सगळं मिळून महिन्याला 4,000 रुपये. पहिला महिना फुकट. गावात हिशेबाचं काम करणारा माणूसही तेवढे घेतो. बोलायला इतका गोड, की एकदा घरी आला तर सासूबाईंच्या पाया पडून गेला. त्या तेव्हाच म्हणाल्या होत्या, "पोरगा लय गोड बोलते बाई, हिशोब लिहून ठेवत जा." आम्ही हसलो.

तसं पाहिलं तर त्याचा स्वभाव कळायला लागला होता तो कागदपत्रांच्या वेळी. उद्यम नोंदणीचे, म्हणजे लहान धंद्याच्या सरकारी नोंदणीचे, त्याने 1,500 रुपये घेतले. ही नोंदणी सरकारी पोर्टलवर पूर्ण मोफत आहे, आधार नंबर टाकून घरबसल्या होते. अन्न परवान्याची साधी नोंदणी तेव्हा वर्षाला 100 रुपये होती, त्याचे 3,000 घेतले. पण मेहनताना म्हणून एवढं कोणीही घेतं, सेवा केंद्रवालेही घेतात, म्हणून ते आम्हाला खटकलं नाही. खरा डाव पुढे होता.

"ताई, धंद्याचा नंबर वेगळा पाहिजे. घरच्या नंबरावर दिवसभर मेसेज, तुम्हाला त्रास." सल्ला बरोबर होता. पण नवं सिम त्याने स्वतःच्या नावावर घेतलं आणि ते त्याच्याच फोनमध्ये राहिलं. म्हणजे आमच्या धंद्याचं व्हॉट्सअॅप, त्यातले सगळे जुने ग्राहक, त्यांचे पत्ते, त्यांच्या तक्रारी, सगळं त्याच्या खिशात. आमच्याकडे रोज संध्याकाळी यादी यायची: नाव, पत्ता, माल. आम्ही पाकिटं भरायचो, हिंगणघाटहून कुरिअरवाला न्यायचा, पैसे माझ्या खात्यात जमा झाल्याचा आवाज फोनवर यायचा. चार-पाच महिने एक पैसाही इकडचा तिकडे नाही.

दिवाळीच्या आधी त्याने नवा कॅटलॉग केला. छान होता, खोटं कशाला बोलू. हळदीच्या पानाचं आमचं चिन्ह, खाली दर, शेवटच्या पानावर क्यूआर कोड. आमच्याकडे आलेल्या कॅटलॉगवर माझाच क्यूआर होता. ग्राहकांना जाणारे कॅटलॉग मात्र दोन होते. अर्धा किलो, एक किलोवाल्यांना माझा क्यूआर जायचा. लग्नासाठी पाच-दहा किलो मागणाऱ्यांना, दिवाळीच्या भेटपेट्या मागणाऱ्यांना, दुसरा. त्या मोठ्या ऑर्डरी आमच्या यादीत कधी आल्याच नाहीत. लहान पैसे येत राहिले, फोन वाजत राहिला, आणि आम्हाला वाटलं यंदा दिवाळीला लोकांनी हात आखडता घेतला.

मोठी ऑर्डर देणारे बहुतेक सगळे जुने ग्राहक होते. आधी आमची हळद वापरलेले, आवडली म्हणून दहा किलो मागवणारे. त्यांनी विश्वास त्या मुलावर ठेवला नव्हता, आमच्या मालावर ठेवला होता. मला राग आहे तो याचा. पैशाचं नंतर बघू.

उघडकीस आलं ते पोस्टाने. पाकिटावर पॅक करणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता छापावाच लागतो, कायद्याने. तेवढी एकच गोष्ट त्या मुलाच्या हातात नव्हती. संक्रांत होऊन गेल्यावर पोस्टमन एक लिफाफा घेऊन आला. पुण्याच्या एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र, वहीच्या रेघी कागदावर, अक्षर फळ्यावर लिहावं तसं सरळ. मुलीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून शंभर ग्रॅमची 150 पाकिटं मागवली होती, 6,750 रुपये आधीच भरले होते. पाकिटं आली नाहीत, मेसेज केला तर आधी "पार्सल निघालंय", मग काहीच नाही. "माल चांगला होता म्हणून पैसे आधी पाठवले. खरं काय ते कळवावं, एवढीच विनंती," असं शेवटी लिहिलं होतं. जुन्या पाकिटावरचा आमचा पत्ता कापून कागदाला चिकटवला होता.

सोबत पेमेंटच्या स्क्रीनशॉटची झेरॉक्स. जाऊने ती खिडकीत उजेडाला धरली. वर आमच्या ब्रँडचं नाव मोठ्या अक्षरात. यूपीआय आयडीतही तेच नाव, फक्त शेवटी एक 'ए' जादा. आणि त्याखाली बारीक अक्षरात बँकेतलं नाव, ते मात्र आमच्यातलं कोणाचंच नाही. पैसे पाठवताना ते नाव दिसतंच. बाईंनीही पाहिलं होतं. त्यांना वाटलं हे मालकाचं असेल. वाटणारच. आपण दुकानात पैसे देतो तेव्हा दुकानाचं नाव एक आणि खातं मालकाच्या नावावर, हे रोजचंच आहे.

त्याला फोन लावला. आधी म्हणाला, तो पेमेंट गेटवे आहे, पैसे दोन-तीन दिवसांत तुमच्याकडे वळते होतात. दिवाळीचे पैसे संक्रांतीपर्यंत वळते होतायत का, असं घरच्यांनी विचारलं तेव्हा सूर बदलला. "माझा दोन महिन्यांचा हिशेब बाकी आहे. तो द्या, मग नंबर आणि पासवर्ड देतो." म्हणजे आमचंच धंद्याचं घर, आणि कुलूप उघडायचे पैसे आम्ही द्यायचे.

पासवर्ड म्हटल्यावर जीएसटीची आठवण झाली. राज्याच्या आत माल विकणाऱ्याला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, पण आमचा माल हैदराबादच्या एका दुकानदाराकडे जायचा आणि परराज्यात करपात्र माल विकायचा तर उलाढाल कितीही असो, नोंदणी लागते. ती त्यानेच करून दिली होती. मोबाइल त्याचा, ईमेल त्याचा. तिमाहीला विवरणपत्र भरल्याची पावती व्हॉट्सअॅपवर पाठवायचा.

भावजींच्या एका मित्राने जे दाखवलं ते प्रत्येकाने आजच करून पाहावं. जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करताही कुठलाही जीएसटी नंबर टाकून करदाता शोधता येतो. तिथे कोणतं विवरणपत्र कोणत्या तारखेला भरलं याचा तक्ता कोणालाही दिसतो. आमच्या तक्त्यात पहिली तिमाही होती, पुढे कोरं. पावत्या त्याने जुन्या पावतीवर तारीख बदलून बनवल्या होत्या. उशिराच्या विवरणपत्राला दिवसाला 50 रुपये विलंब शुल्क लागतं. दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्यांना ते एका विवरणपत्रामागे जास्तीत जास्त 2,000 रुपये आहे, त्यामुळे तिथे थोडक्यात निभावलं. राहिलेल्या करावर वर्षाला 18 टक्क्यांनी व्याज वेगळं.

लॉगिन परत मिळवायला त्याची परवानगी लागत नाही, हे आम्हाला माहीत नव्हतं आणि बहुतेकांना नसतं. त्याच तक्त्याच्या पानावर आपलं अधिकारक्षेत्र, म्हणजे आपण कोणत्या कार्यालयाखाली येतो ते, लिहिलेलं असतं. त्या जीएसटी कार्यालयात ओळखपत्र आणि धंद्याचे कागद घेऊन जायचं, अर्ज द्यायचा. अधिकारी कागद तपासून मोबाइल आणि ईमेल बदलून देतात. मग नवा पासवर्ड आपल्याच ईमेलवर येतो. आमचं काम झालं. पासवर्डसाठी त्याला एक रुपया दिला नाही.

पोलिसांचं जरा अवघड गेलं. 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन केला. तिथे फसवणूक लवकर कळवली तर पैसे समोरच्या खात्यात थांबवता येतात. आमचे दोन-तीन महिन्यांपूर्वीचे होते, आणि मुळात ते आमचे नव्हते, ग्राहकांचे होते. ठाण्यातल्या साहेबांनी नीट ऐकून घेतलं आणि सरळ सांगितलं, "ताई, पैसे ज्याच्या खात्यातून गेले त्याची तक्रार पाहिजे. तुमच्या नावाचा वापर झाला, ती वेगळी तक्रार." दुसऱ्याच्या नावाने वावरून संगणकाच्या साधनाने फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 ड खाली गुन्हा आहे, तो आमच्या बाजूने. ग्राहकांनी आपापल्या जागेहून राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंदवायचं. पण ग्राहकांचे नंबर कुठे? ते सगळे त्याच्या सिममध्ये. कुरिअरच्या जुन्या पावत्यांवरून जेवढे सापडले तेवढ्यांना आम्ही फोन केले. काहींनी आम्हालाच शिव्या दिल्या. एक जण म्हणाले, "आता दुसऱ्या नंबरवरून फसवताय का?" त्यांना काय उत्तर देणार?

पुण्याच्या बाईंना 150 पाकिटं पाठवली, वाणाची वेळ निघून गेली होती तरी. बाकी ज्यांनी पुरावा पाठवला त्यांनाही माल दिला. कायद्याने द्यायलाच पाहिजे होता की नाही, हे वकील सांगोत. नाव पाकिटावर आमचं आहे. आजवर सव्वा लाखाच्या आसपास माल असा गेला.

आता ऑर्डरी गावातलीच एक बीकॉम झालेली मुलगी पाहते. 500 रुपयांच्या स्टॅम्पवर कामाचा करार केला, त्यात ग्राहकांची यादी धंद्याची आहे हे लिहिलं. सिम माझ्या नावावर, माझ्या फोनमध्ये. व्हॉट्सअॅपला लिंक्ड डिव्हाइसची सोय आहे, मुख्य फोनशिवाय चार ठिकाणी तेच खातं उघडता येतं; ती तिच्या घरून लॅपटॉपवर काम करते आणि मला वाटलं तर इथून बंद करता येतं. ही सोय त्या मुलालाही माहीत असणारच, त्याचं तर कामच ते. क्यूआर आता पाकिटाच्या मागेच छापला आहे, कॅटलॉगमध्ये टाकतच नाही. जीएसटीचं काम हिंगणघाटच्या एका हिशेबनिसाकडे, ओटीपी घरच्यांच्या फोनवर. ते शेतात असले आणि रेंज नसली की हिशेबनीस चिडतो. चिडू दे.

तो मुलगा काम सोडून बसलेला नाही, असं कानावर आहे. शेजारच्या तालुक्यातल्या पापड-कुरड्या करणाऱ्या बायकांकडे असाच एक जण पहिला महिना फुकट म्हणून आला होता. सिम मीच घेतो म्हणाला, जीएसटीचा ओटीपी माझ्याकडे येऊ द्या म्हणाला. तोच का दुसरा, सांगता येत नाही. त्यांनी आम्हाला फोन केला, एवढं बरं झालं.

तक्रार अजून चालू आहे. दिवाळी ते संक्रांत या काळात आमच्या नावाच्या क्यूआरवर कोणी पैसे भरले असतील आणि माल आला नसेल, तर पेमेंटच्या तपशिलात 12 आकडी यूपीआय संदर्भ क्रमांक असतो. तो, तारीख, रक्कम आणि स्क्रीनशॉटची प्रत पाकिटावरच्या पत्त्यावर पाठवा. व्हॉट्सअॅपच्या जुन्या नंबरवर पाठवू नका, तो अजून त्याच्याचकडे आहे.