होर्हे बोलेट, कार्नेगी हॉल १९७४ : सीडी घ्यावी का?

घ्या, पण डबी नीट बघून घ्या, मला आली ती कोपऱ्यात तडकलेली आणि विकणारा म्हणे पार्सलवाल्याला विचारा. असो.

बोलेट हा पियानोवादक, मूळचा क्युबातल्या हवानाचा, जन्म १९१४. बाराव्या वर्षी अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या कर्टिस इन्स्टिट्यूट या संगीतशाळेत शिकायला गेला, पण पुढे कित्येक वर्षं नाव असं झालंच नाही. १९६८ पासून इंडियाना युनिव्हर्सिटीत पोरांना शिकवत होता, आणि मग ५९ व्या वर्षी, २५ फेब्रुवारी १९७४ ला, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधला हा कार्यक्रम, ज्याच्यानंतर जग एकदम जागं झालं. तीनच वर्षांनी कर्टिसनेच पियानो विभाग त्याच्या हातात दिला, म्हणजे जिथे पोरगा म्हणून गेला तिथेच मास्तर!

आता वाजवणं. बाखचं शाकोन (मूळ व्हायोलिनची रचना, बुसोनीने पियानोसाठी केलेली), शोपँचे २४ च्या २४ प्रिल्युड (छोट्या छोट्या पियानो रचना), पण खरी मजा शेवटच्या टानहॉयझरमध्ये, म्हणजे त्या नावाच्या ऑपेराच्या सुरुवातीच्या संगीतात. वाग्नरने अख्ख्या ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेलं, लिस्टने दहा बोटांत बसवलेलं. यात्रेकरूंचं गाणं एका बाजूला शांतपणे चाललंय आणि वरून सुरांच्या लडी कोसळतायत, मी दोनदा मागे घेऊन ऐकलं, हात दोनच आहेत ना म्हणून. आणि एवढं करूनही घाई नाही, दणादण आपटणं नाही.

रेकॉर्डिंग जुनंच आहे, आजच्यासारखं चकचकीत नाही. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, चोविसाव्या प्रिल्युडच्या शेवटी खालच्या पट्टीतले तीन ठोके आहेत ते पार हरवतात. हेडफोन लावाच.