स्वस्तातला लाकूडकामाचा लेथ: काही महिन्यांच्या वापरानंतर

घरी वाट्या, डब्या, हत्यारांच्या मुठी, भोवरे असलं काही कातायचं असेल तर बेंचवर बसणारा स्वस्तातला लेथ, म्हणजे लाकूड गरगर फिरवून कातायचं यंत्र, पुरतो. काही महिने नेमाने वापरल्यावर हे मी खात्रीने सांगते. तेवढ्याच खात्रीने हेही सांगते की सगळे पैसे लेथवर घालवू नका. जवळपास निम्मी रक्कम धार लावायची सोय, चक (लाकूड जबड्यांत पकडणारा भाग) आणि चेहऱ्यावरची शील्ड यांसाठी बाजूला काढा आणि उरलेल्या पैशांत जो बसेल तो लेथ घ्या. बोथट हत्यार घेऊन भारी लेथपुढे उभं राहण्यापेक्षा धारदार हत्यार घेऊन साध्या लेथवर काम करणं कितीतरी सुखाचं, आणि कमी धोक्याचंही.

माझा लेथ मिडी म्हणजे मध्यम मापाचा आहे. स्विंग १२ इंच, लाकूड दोन्हीकडून धरणाऱ्या टोकांमधलं, म्हणजे दोन सेंटरमधलं अंतर १८ इंच, मोटर ५५० वॅटची म्हणजे साधारण पाऊण हॉर्सपॉवरची, वजन चाळीस किलोच्या पुढे. स्विंग १२ म्हणजे स्पिंडलच्या (लाकूड फिरवणाऱ्या दांड्याच्या) मध्यापासून बेडपर्यंत (खालच्या आडव्या पायापर्यंत) ६ इंच. हिशेबाने त्यावर १२ इंची वाटी बसायला हवी, पण लाकडाचा ओबडधोबड तुकडा कधी मोजूनमापून गोल नसतो आणि टूल रेस्टचा, म्हणजे हत्यार टेकवायच्या पट्टीचा, बॅन्जो (खालचा सरकता आधार) सरकवायलाही जागा लागते. ९-१० इंच हीच सोयीची मर्यादा धरा.

निवडताना मोटरच्या आकड्याआधी बेड पाहावा. ओतीव लोखंडाचा बेड असेल तर मशीन जड होतं, आणि इथे जडपणा हाच गुण आहे. पाइपचा किंवा दुमडलेल्या पत्र्याचा बेड असलेले लेथ आणखी स्वस्त मिळतात, पण ते थरथरतात आणि हेडस्टॉक (लाकूड फिरवणारं डोकं) आणि टेलस्टॉक (समोरून आधार देणारा सरकता भाग) एका रेषेत धरून ठेवत नाहीत. दोन्हीकडे मोर्स टेपर नंबर २ (निमुळत्या भोकाचं एक ठरलेलं माप) असावा, म्हणजे सेंटर, ड्रिल चक वगैरे पुढे कुठलंही घेतलं तरी बसतं. स्पिंडलचे आटे प्रचलित मापाचे हवेत. माझ्या लेथला १ इंच व्यास, इंचाला ८ आटे आहेत. विचित्र मापाचे आटे असले की अडॅप्टर लावावा लागतो, चक बेअरिंगपासून तेवढा लांब जातो आणि डगमग वाढते. आणि सर्वात कमी वेग किती हे विचाराच. वाट्या कातायच्या असतील तर मिनिटाला पाचशे फेऱ्यांच्या खाली उतरणारा लेथ हवा. वरचा वेग सगळ्यांकडे पुरेसा असतो.

बसवण्याला मी घाई केली नाही आणि त्याचा फायदा रोज जाणवतो. आधी गंज लागू नये म्हणून फासलेलं चिकट ग्रीस रॉकेलच्या फडक्याने पुसलं. बेडला तेल लावलं नाही, कारण तेलावर भुसा चिकटून राहतो. मेणाचा पातळ हात दिला, त्यावर टेलस्टॉक बोटाने सरकतो. मग हेडस्टॉकमध्ये टोकदार सेंटर, टेलस्टॉकमध्ये लाइव्ह सेंटर (बेअरिंगवर लाकडासोबत फिरणारं टोक) घालून दोन्ही टोकं एकमेकांजवळ आणली. बोल्ट सैल असताना टोकाला टोक अगदी नेमकं भिडत होतं. बेंचला बोल्ट आवळत गेले तशी दोन टोकांमध्ये केसाएवढी फट डोळ्यांदेखत पडली. दोष लेथचा नव्हता. बेंचची फळी एका कोपऱ्यात किंचित खाली होती आणि बोल्ट आवळताना बेडला पीळ बसत होता. त्या पायाखाली पत्र्याच्या पातळ पट्ट्या सरकवत, थोडं आवळत, पुन्हा टोकं पाहत गेल्यावर ती पूर्ववत भिडली. ही तपासणी न करता लेथच वाकडा आला म्हणून परत पाठवणारे बरेच असतील असं मला वाटतं.

उंचीचा नियम सोपा आहे: स्पिंडलचा मध्य आपल्या कोपराच्या उंचीला यावा, फार तर किंचित वर. खाली असला तर कंबर बोलते. बेंचच्या खालच्या फळीवर वाळूच्या पिशव्या ठेवल्या, तेव्हापासून असमतोल लाकूड लावल्यावर होणारी थरथर निम्म्याहून कमी झाली.

सोबत आलेल्या सामानातला टूल रेस्ट खडबडीत होता. स्वस्त लेथमध्ये हे ठरलेलंच. वरच्या कडेला बारीक खाचा असतात आणि सरकवताना हत्यार नेमकं तिथे अडकतं. कानशीने कड सपाट केली, मग बारीक पॉलिश पेपर फिरवला, वर मेण. एवढ्याशा कामाने कातकामाची सफाई एकदम बदलते. लाइव्ह सेंटरच्या बेअरिंगचा आवाज मात्र पहिल्यापासून कर्कश होता. विकणाऱ्याने बदलून दिला तोही तसाच निघाला. शेवटी वेगळा चांगला सेंटर घेतला.

वेगाबद्दल एक ठोकताळा कायम लक्षात ठेवते. इंचातला व्यास गुणिले मिनिटाचे फेरे हे उत्तर ६००० ते ९००० च्या दरम्यान यावं. म्हणजे १० इंची वाटीला ६०० ते ९००. तुकडा अजून गोल झालेला नसेल तर त्याहूनही कमी. १००० फेऱ्यांना १० इंची वाटीची कड ताशी ४८ किलोमीटरच्या आसपास वेगाने धावत असते, हे डोळ्यासमोर आणलं की नॉबवरचा हात आपोआप आवरतो. नॉबने वेग बदलत असला तरी आत तीन टप्प्यांच्या पुली आहेत. कमी वेगाचं जड काम करताना बेल्ट खालच्या टप्प्यावरच घ्यावा. वरच्या टप्प्यावर ठेवून नुसता नॉब खाली आणला तर जोर मिळत नाही, मोटर तापते आणि हत्यार जरा खोल गेलं की स्पिंडल थांबतो. बेल्ट हलवायला दोन मिनिटं लागतात, ती द्यावीत.

आता धार. लेथवरचं हत्यार थांबत नाही. लाकूड मैलोगणती त्याच्या धारेवरून पळत असतं. कठीण लाकडात दहा-पंधरा मिनिटांत धार जाते आणि खुणा लगेच दिसतात: लांब सुरळ्यांऐवजी पीठ पडायला लागतं, हाताला रेटा द्यावा लागतो, आडव्या तंतूंवर पृष्ठभाग उपटल्यासारखा होतो. मी ८ इंची, कमी वेगाचा ग्राइंडर घेतला, मिनिटाला १४४० च्या आसपास फिरणारा, त्यावर ८० ग्रिटचं (ग्रिट म्हणजे कणांच्या बारीकपणाचा आकडा) पांढरं चाक. सोबत हत्यार ठरलेल्या कोनात धरणारं जिग. ते नसतं तर मी टिकले नसते. बोल गाउज (वाटी कातायचं पन्हाळीदार हत्यार) ५५ ते ६० अंशांवर, स्पिंडल गाउज (मुठीसारख्या लांबट कामाचं) ४० च्या आसपास, स्क्रेपर (खरवडायचं सपाट हत्यार) ७० च्या वर. प्रत्येक हत्यार जिगमधून किती बाहेर काढायचं त्याचे लाकडी ठोकळे करून ग्राइंडरच्या पाटालाच ठोकले आहेत. धारेमागचा उतार मार्करने काळा करायचा, चाक हाताने एकदा फिरवायचं आणि शाई कुठे पुसली ते पाहायचं. वरपासून खालपर्यंत सारखी पुसली तर कोन बरोबर. मग ग्राइंडर चालू करून हलक्या हाताने एक-दोन फेर, की लेथकडे परत. हत्यारं हायस्पीड स्टीलचीच घ्या. साध्या कार्बन स्टीलची धार ग्राइंडरवर निळी पडली की तिचं पाणी, म्हणजे कठीणपणा, उतरतं. हायस्पीड स्टील ती उष्णता सहन करतं. मात्र तापलेलं हायस्पीड स्टील पाण्यात बुडवू नका, धारेला सूक्ष्म तडे जातात.

एक गोष्ट ठासून सांगते. स्पिंडल रफिंग गाउज हे रुंद पन्हाळीसारखं हत्यार वाटीला कधीही लावू नका. त्याची मुठीत जाणारी शेपटी बारीक असते आणि वाटीच्या आडव्या तंतूंत अडकलं तर ती तिथेच मोडते.

चकशिवाय वाट्यांचं काम रखडतं. चार जबड्यांचा स्क्रोल चक (चारही जबडे एकदम सरकणारा) घेतला, जबडे ५० मिलिमीटरचे. वाटीच्या बुडाला ठेवलेला खुंट जबड्यांच्या आकाराला जुळणारा, म्हणजे बुडाशी किंचित आत गेलेला हवा, आणि त्याचं टोक चकच्या तळाला टेकता कामा नये. जबडे खुंटाभोवतीच्या सपाट खांद्यावर टेकायला हवेत. ओलं लाकूड कातायला फार मजा येते, सुरळ्या खांद्यावरून उडतात. पण ते वाळताना वेडंवाकडं होतं, म्हणून आधी भिंत व्यासाच्या दहाव्या हिश्श्याएवढी जाड ठेवायची, वर मेण फासून काही महिने ठेवून द्यायची आणि मग पुन्हा लावून पूर्ण करायची. मी ठेवलेल्या काही वाट्या अजून वाळताहेत.

शील्ड लावल्याशिवाय स्विच दाबायचा नाही, हातमोजे नाहीत, सैल बाह्या नाहीत, केस बांधलेले. पॉलिश लावायला कापड घेत नाही; ते गुंडाळलं गेलं तर बोट घेऊन जातं, कागद फाटून सुटतो. चालू करण्याआधी लाकूड हाताने एक पूर्ण फेरा फिरवून टूल रेस्टला लागत नाही ना ते पाहायचं. धुळीला मी सगळ्यात जास्त घाबरते. सुरळ्या जड असतात, खाली पडतात. पॉलिश पेपरची बारीक धूळ हवेत तरंगत राहते. शिसवासारख्या लाकडांच्या धुळीने कातडीला आणि श्वासाला त्रास होऊ शकतो. मास्क तोंडावर आणि व्हॅक्यूमचं नळकांडं वाटीच्या मागे, दोन्ही हवंच.

इतक्या महिन्यांत बिघाड म्हणाल तर वेगाचा आकडा दाखवणारा डिस्प्ले अधूनमधून लुकलुकतो. स्विचच्या डब्यात भुसा जात होता. प्लग काढून डबा उघडला, साफ केला आणि फटीवर टेप लावली. टेलस्टॉकचा खटका ड्रिल करताना थोडा सरकत होता, खालचं नट पाव फेरा आवळल्यावर थांबला. बेअरिंग अजून शांत आहेत. बेल्ट ठीक आहे, तरी त्यावरचा नंबर पुसला जाण्याआधी मी लिहून घेतला आणि एक जादा बेल्ट आणून ठेवला. तुम्हीही मशीन आल्याच दिवशी तेवढं करा.