नवीन क्लच टाकूनही गिअर खरखरतोय? उद्यमनगरातल्या या मिस्त्रींकडं जावा

कोल्हापुरात उद्यमनगरात दोन गाळ्यांचं एक गॅरेज आहे, बोर्डबिर्ड काही नाही, बाहेर जुन्या मारुतींची रांग दिसली की तेच समजायचं. माझी जुनी आल्टो, तिला क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग असा पूर्ण सेट दुसरीकडं टाकून घेतलेला, पैसे पण चांगलेच मोजले, आणि गाडी हातात आली तर पेडल पार खाली टेकवल्याशिवाय क्लच सुटतच नाही. रिव्हर्स टाकताना असा खर्रर्र आवाज की शेजारचा वळून बघणार. तिथं विचारलं तर "नवीन आहे, चालवा, बसेल आपोआप". आपोआप काय बसणार डोंबल.

उद्यमनगरच्या मिस्त्रींनी बॉनेट उघडून क्लचची केबल (पेडल दाबलं की क्लच ओढणारी तार) नुसती हातानं हलवून बघितली आणि म्हणाले, "साहेब, माल चांगलाय, सेटिंगच केलं नाही." मग समजावून सांगितलं ते असं, की प्लेट झिजत जाते तशी प्रेशर प्लेटची बोटं (मधल्या स्प्रिंगच्या पट्ट्या, ज्या दाबल्या की क्लच सुटतो) रिलीज बेअरिंगकडं सरकत येतात, पेडलचा फ्री प्ले, म्हणजे वजन लागायच्या आधी पेडल मोकळं जातं तेवढं अंतर, कमी होतो, म्हणून जुन्या क्लचवर वेळोवेळी केबलचा नट सैल केलेला असतो. आता जाड नवी प्लेट बसली की बोटं परत आत जातात, आणि नट जुन्याच जागी ठेवला तर केबल एकदम ढिली. म्हणजे प्लेट बदलली की नट परत लावायलाच पाहिजे, ते काय वेगळं जादा काम नाही.

गिअरबॉक्सजवळ केबलच्या टोकाला तो नट असतो. मिस्त्रींनी आधी तारेच्या ब्रशनं आटे साफ केले, तेलाचा थेंब सोडला, मग थोडं थोडं आवळत दर वेळी पेडल पायानं नाही तर हातानं दाबून बघत होते, आणि चक्क शाळेतली स्टीलची पट्टी पेडलजवळ धरून मोजलं. वजन लागायच्या आधी साधारण दोन सेंटीमीटर मोकळं ठेवलं. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा, सगळ्यांना एकच माप चालत नाही.

मला जास्त आवडलं ते हे की त्यांनी गरजेपेक्षा जास्त आवळलं नाही. गिऱ्हाइकाला क्लच वरच सुटलेला बरा वाटतो म्हणून बरेच जण फ्री प्ले शून्य करून टाकतात, मग बेअरिंग कायम दाबलेलं, प्लेट पूर्ण चिकटत नाही, चढाला इंजिन नुसतं ओरडतं आणि जळका वास. आणि मग आपण कंपनीला शिव्या घालणार की डुप्लिकेट माल दिला.

शेवटी टेस्ट. इंजिन आयडलवर, क्लच दाबून दोन-तीन सेकंद थांबून रिव्हर्स, आवाज नाही. मग हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला तर इंजिन गपकन बंद, म्हणजे स्लिप नाही, प्लेट घसरत नाही (ही टेस्ट एकदाच, सारखी केली तर नवी प्लेट तिथंच भाजेल). त्यानंतर मी पन्हाळ्याला चारजण बसवून नेली, चढाला एकदम झकास.

तक्रारी पण आहेत. बसायला जागा नाही, नंबर लागत नाही, जो आधी ओरडेल त्याची गाडी आधी, फोन तर उचलतच नाहीत. पक्कं बिल मागितलं तर वहीचा कागद फाडून देतात. सेटिंगचे दोनशे घेतले, मला काही जास्त वाटले नाहीत. नवीन केबल असेल तर सुरुवातीला थोडी बसते, म्हणून काही दिवस चालवून परत दाखवायला बोलावतात आणि त्याचे पैसे घेत नाहीत. हायड्रॉलिक क्लचवाल्यांनी मात्र इथं जाऊ नका, त्यात हा केबलचा नट नसतो, लाईनमधली हवा काढायला लागते आणि ते काम हे सरळ नाही म्हणतात.

पाचपैकी चार, एक त्या वहीच्या कागदाचा कापला.