नदी, वीज, माती आणि रान यांची बैठक : ‘स्पिरिट आयलंड’

कल्पित जगातल्या निसर्गदेवतांचे मंडळ म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एक दरबार उभा राहतो. उंच आसनावर वाऱ्याचा किंवा आकाशाचा राजा, त्याच्या दोन्ही बाजूंना पाणी, अग्नी, वनस्पती यांचे अधिपती, आणि राजाच्या तोंडून निघालेला शब्द हा अखेरचा. ‘स्पिरिट आयलंड’ या बोर्ड गेममध्ये असे आसनच ठेवलेले नाही. टेबलाभोवती बसलेले खेळाडू हेच देवतांचे मंडळ, आणि त्या मंडळाला अध्यक्ष नाही. गेली दोन वर्षे आमच्या घरी हा खेळ नियमाने मांडला जातो, आणि सत्ता म्हणजे एकमेकांशी बोलून घेणे हे इतक्या नेमकेपणाने अनुभवायला लावणारा दुसरा बैठा खेळ माझ्या पाहण्यात नाही.

आर. एरिक रॉइस यांनी रचलेला हा खेळ २०१७ साली ‘ग्रेटर दॅन गेम्स’ने प्रकाशित केला. एक ते चार जणांना तो खेळता येतो आणि खेळाडूंचे वय १३ वर्षांच्या पुढे असावे अशी सूचना आहे. खोक्यावर ९० ते १२० मिनिटे लिहिलेली असली, तरी चौघांपैकी दोघे नवखे असतील तर तीन तास हाताशी ठेवावेत. वसाहतींच्या काळावर बेतलेल्या कितीतरी खेळांत खेळाडू हाच नव्या भूमीवर उतरणारा वसाहतकार असतो. तो जंगल तोडतो, गाव वसवतो, नगर उभारतो आणि त्याबद्दल गुण मिळवतो. इथे तो पट उलटा केला आहे. जहाजांतून येणारे परके लोक खेळाच्या यंत्रणेकडे सोपवलेले आहेत आणि आपण त्या बेटाच्या मूळ शक्ती आहोत : नदी, वीज, माती, सावली, रान, समुद्र. बेटावर ‘दहान’ नावाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात आणि आक्रमकांशी चाललेल्या झगड्यात तेही उतरतात. हातात घेतलेल्या सोंगट्यांतूनही हा भेद जाणवतो. आक्रमक पांढऱ्या प्लास्टिकचे आहेत, तर दहानांच्या झोपड्या आणि देवतांच्या अस्तित्वाच्या चकत्या लाकडाच्या आहेत.

आक्रमकांची चाल समजून घेतल्याशिवाय या खेळाची गोडी कळत नाही. जंगल, डोंगर, वाळू आणि दलदल असे चार भूप्रकार आहेत. एका फेरीत पत्ता उलटला की त्या प्रकारच्या भूमीत शोधक शिरतात. पुढच्या फेरीत तोच पत्ता सरकतो आणि तिथे गावे किंवा नगरे उभी राहतात. त्याच्या पुढच्या फेरीत तिथेच ते जमिनीची नासधूस करतात. म्हणजे संकट कुठे आणि केव्हा येणार हे आपल्याला आधी ठाऊक असते. शोधकाचा घाव एकाचा, गावाचा दोनाचा, नगराचा तिनाचा, आणि एकाच भूमीला दोन किंवा अधिक घाव बसले की तिथे ऱ्हासाची खूण पडते आणि तिथल्या देवतेची एक चकती नष्ट होते. त्या भूमीवर आधीच ऱ्हास असेल तर तो शेजारच्या भूमीतही पसरतो. एका जागी केलेली हयगय अशी दुसऱ्याच्या दारात जाऊन पोचते.

एवढे सगळे आधी दिसत असूनही ते रोखणे अवघड जाते, कारण देवतांच्या पुष्कळशा शक्ती संथ आहेत. शक्तिपत्ते दोन प्रकारचे असतात. जलद पत्ते आक्रमकांच्या आधी लागू होतात आणि संथ पत्ते त्यांची चाल संपल्यावर. नदीने आज उसळायचे ठरवले, तरी पाणी पोचेपर्यंत जमीन उद्ध्वस्त झालेली असू शकते. निसर्गाच्या बळाचे इतके खरे चित्र मला या खेळात अपेक्षित नव्हते. ते बळ अफाट असते, पण ते आपल्या गतीने येते, आणि ती गती धरूनच पुढच्या फेरीचा विचार करावा लागतो.

आमच्या घरच्या एका डावातला प्रसंग सांगते, कारण या मंडळाचे कामकाज त्यातून नीट कळेल. माझे वडील पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आहेत, म्हणून नदी त्यांनी आपणहून मागून घेतली. मी माती घेतली, ताईने रान घेतले आणि तिच्या मुलाने वीज. तिसऱ्या फेरीत वडिलांच्या दलदलीत एक गाव आणि दोन शोधक होते आणि नासधुशीची पाळी दलदलीचीच होती. चार घाव बसणार हे उघड होते. वडिलांच्या हातात तीन आक्रमकांना शेजारी वाहून नेणारा पत्ता होता, पण तो संथ होता. दलदलीच्या एका बाजूला माझा डोंगर होता आणि दुसऱ्या बाजूला दहानांची वस्ती असलेले जंगल.

“अगं, वरून पाणी सोडायचं तर खालच्या गावाला आधी कळवावं लागतं,” वडील म्हणाले. “तुझ्या डोंगरात लोटू का यांना?”

त्या फेरीत डोंगरावर बांधकामाची पाळी होती. गाव माझ्याकडे आले असते तर त्याच्या जोडीला नगर उभे राहिले असते, आणि पुढच्या फेरीत दोन, तीन आणि शोधकांचे दोन असे सात घाव बसले असते. मातीची देवता आपल्या प्रत्येक पवित्र स्थानी, म्हणजे जिथे तिच्या दोन किंवा अधिक चकत्या असतात तिथे, तीन घाव आपोआप अडवते, सात नाही. मी तसे सांगितले. तेवढ्यात भाचा म्हणाला, “आजोबा, माझा वीजेचा आशीर्वाद तुम्हाला देतो. तुमचे दोन पत्ते या फेरीला जलद होतील.” त्यासाठी त्याने स्वतःचा हल्ला मागे ठेवला. ताईच्या दोन चकत्या डोंगरावर होत्या, म्हणजे तिथे रानाचे पवित्र स्थान होते. रानाला आपली एक चकती नष्ट करून अशा ठिकाणचे बांधकाम रोखता येते, आणि ती चकती तिने आपण होऊन उचलली. नदी वेळेवर उसळली, दलदल वाचली, डोंगरावर नगर उभे राहिले नाही. एका देवतेच्या चालीला तिघांची संमती आणि दोघांचा त्याग लागला, आणि यात कोणी कोणाला हुकूम केला नाही.

सहकारी खेळ ज्यांनी खेळले आहेत त्यांना एक अनुभव नक्की असेल : सर्वांत जाणता खेळाडू सगळ्यांच्या चाली ठरवू लागतो आणि बाकीचे त्याच्या सांगण्यावरून सोंगट्या हलवतात. या खेळात ते सहसा जमत नाही. सगळे एकाच वेळी आपापले पत्ते निवडतात, प्रत्येकाच्या हातात वेगळी शक्ती असते, आणि सूर्य, चंद्र, अग्नी, वायू, जल, पृथ्वी, वनस्पती, प्राणी या आठ तत्त्वांची जुळणी ज्याची त्यालाच सांभाळावी लागते. चार देवतांचे हिशेब एका डोक्यात मावत नाहीत. त्यामुळे “तू हे कर” असे म्हणण्याऐवजी “मला इथे मदत हवी आहे, तुझ्याकडे काय आहे?” असे विचारणे भाग पडते. मंडळ ही कल्पना नियमांच्या गाभ्यातच अशी मुरवलेली आहे, आणि या खेळाला मी सर्वाधिक गुण देते ते यासाठी.

मूळ खोक्यात आठ देवता आहेत आणि त्यांचे स्वभाव खरोखर भिन्न आहेत. रानाची देवता झपाट्याने पसरते आणि वेळप्रसंगी स्वतःचाच भाग खर्ची घालते. समुद्राची देवता भरती-ओहोटीप्रमाणे किनाऱ्यावर येते, मागे सरते, आणि बुडालेल्या आक्रमकांपासून ऊर्जा मिळवते. स्वप्नांची आणि दुःस्वप्नांची देवता कोणाला ठार करीत नाही. तिने दिलेल्या मरणाचे फक्त स्वप्न पडते आणि त्यातून भय निर्माण होते. मेघगर्जनेची देवता दहानांच्या सोबतीने चालते आणि ते मारले गेले तर तिचे अस्तित्वही घटते. भय ही इथे खरी शस्त्रसामग्री आहे. आक्रमकांमध्ये भय जसजसे वाढते तसतशी विजयाची अट सौम्य होते : सुरुवातीला बेटावरचा प्रत्येक आक्रमक हटवावा लागतो, मग फक्त गावे आणि नगरे, मग केवळ नगरे, आणि भयाचे सर्व पत्ते संपले की ते बेट सोडून जातात. हरण्याच्या वाटा मात्र तीन आहेत. ऱ्हास हाताबाहेर गेला, एखाद्या देवतेचे बेटावरचे अस्तित्व पूर्ण पुसले गेले किंवा आक्रमकांचे पत्ते संपले, तर डाव गेला. यातली दुसरी अट मला फार मोलाची वाटते, कारण मंडळातली एक देवता नाहीशी झाली की बाकीच्या कितीही बलवान असल्या तरी सगळेच हरतात.

माझा एक आक्षेप गंभीर आहे. दहान लोक या मंडळात बसत नाहीत. आक्रमकांच्या हल्ल्यातून वाचले तर ते उलट वार करतात, देवता त्यांना गोळा करतात किंवा हलवतात, पण त्यांना काय हवे आहे हे विचारण्याची सोय नियमांत नाही. कोकणात ग्रामदेवतेपुढे कौल लावताना माणूस प्रश्न घेऊन उभा राहतो आणि मूर्तीवर लावलेली पाकळी उजवीकडे पडते की डावीकडे याची सगळे वाट पाहतात. देवराईतले लाकूड तोडायचे नाही ही मर्यादाही देव आणि गाव या दोघांनी मिळून पाळलेली असते. ज्यांच्या मनात हे नाते रुजलेले आहे, त्यांना या बेटावरचा संवाद एकतर्फी वाटेल. देवता माणसांचे रक्षण करतात, पण त्यांचे ऐकत नाहीत. परक्या सत्तेच्या विरोधात उभा केलेला खेळ आपल्याच भूमिपुत्रांना लाकडी सोंगट्यांपुरते ठेवतो, ही उणीव प्रत्येक डावात मला जाणवते.

विकत घेण्यापूर्वी आणखी काही गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पत्त्यांवरचा मजकूर इंग्रजीत आहे आणि तो बारकाईने वाचावा लागतो. “ढकलणे” आणि “गोळा करणे” यांतला फरक चुकला तर सगळा बेत कोसळतो. ज्यांना इंग्रजी वाचणे जड जाते त्यांच्यासाठी पहिले काही डाव कोणीतरी शेजारी बसून समजावावे लागतील. आम्ही वडिलांच्या पत्त्यांचा मराठी अर्थ चिठ्ठ्यांवर लिहून प्रत्येक पत्त्याच्या पिशवीत सरकवला आणि तेव्हापासून डाव बराच वेगाने चालतो. आयात केलेला खेळ असल्यामुळे किंमत काही हजारांत जाते. एवढा खर्च आधीच करायचा नसेल तर ‘हँडेलाब्रा गेम्स’ने काढलेली संगणकावरची आवृत्ती घ्यावी, तिथे नियम आपोआप सांभाळले जातात आणि चुकीची चाल करता येत नाही, त्यामुळे शिकण्यासाठी ती उत्तम आहे. टेबलाभोवतीची कुजबुज मात्र तिथे मिळत नाही. २०२२ साली निघालेली ‘होरायझन्स ऑफ स्पिरिट आयलंड’ ही सोपी आवृत्ती एक ते तीन खेळाडूंसाठी आहे, तिच्यात नव्या पाच देवता आहेत, आणि लहान कुटुंबाने सुरुवात तिथूनच करावी असे मी सुचवेन. ‘ब्रँच अँड क्लॉ’ आणि ‘जॅग्ड अर्थ’ हे विस्तार मूळ खेळाचे दहा-बारा डाव झाल्याशिवाय उघडू नयेत.

पहिल्या डावासाठी नदी, वीज, माती आणि सावली या चार देवता निवडाव्यात, कारण त्यांचे नियम आठांत सर्वांत सरळ आहेत. आक्रमकांना विशिष्ट राज्याचे बळ देणारे प्रशिया, इंग्लंड आणि स्वीडनचे फलक खोक्यातच राहू द्यावेत. समुद्र आणि स्वप्ने यांना हात लावण्याची घाई करू नये. समुद्र घेऊन मी पहिले तीन डाव हरले आणि भरती केव्हा मागे घ्यायची हे मला चौथ्या डावात उमगले. नदी आमच्या घरी आता दुसऱ्या कोणी मागत नाही. खोके उघडले की ताई नदीचा फलक आधी वडिलांसमोर ठेवते, आणि ते चष्मा पुसून विचारतात, “सांगा, या खेपेला पाणी कुठं हवंय?”