आठ महिने, दोन महागडे फोन: वायफाय ७ राहिलं बाजूला, फरक केबलने पाडला

आठ महिने झाले, एक फोन कामासाठी आणि एक घरचा, असे दोन रोज वापरतोय. दोन्ही आपापल्या कंपनीचे वरच्या श्रेणीतले. घेताना माझं सगळं लक्ष वायफायवर होतं. एकात वायफाय ७ आहे, दुसऱ्यात त्याआधीची आवृत्ती, ६ई. राउटरच्या खोलीत बसलं की ६ गिगाहर्ट्‌झवर वेग तुफान मिळतो, पण या लहरी भिंतींतून कमीच जातात, म्हणून मध्ये दोन भिंती आल्या की दोन्ही फोन ५ गिगाहर्ट्‌झवर उतरतात आणि मग फरक शोधूनही सापडत नाही.

मला रोज जाणवतो तो टाइप-सी पोर्ट. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. एकाच्या आत मात्र यूएसबी २.० आहे, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ४८० मेगाबिट. दुसऱ्यात १० गिगाबिट. ४० जीबीचे व्हिडिओ लॅपटॉपवर घ्यायला पहिल्याला पाव तास पुरत नाही, दुसऱ्याचं काम दोन-तीन मिनिटांत उरकतं. तेही वेगळी केबल घेतल्यावर, कारण डब्यातली केबल २.० चीच निघाली. २.० हे मानक २००० सालचं. एवढे पैसे मोजून घेतलेल्या फोनमध्ये ते असावं, हे मला अजिबात पटत नाही.

बोटाच्या ठशाचा सेन्सर दोघांत वेगळा आहे. ऑप्टिकलवाला स्क्रीनच्या उजेडात बोटाचा फोटो काढतो. भांडी घासून ओल्या हाताने फोन उचलला की हमखास अडतो, आणि रात्री अंधारात डोळ्यांवर झगझगीत उजेड मारतो. अल्ट्रासॉनिकवाला ध्वनिलहरींनी ठसा वाचतो, त्यामुळे ओलसर बोटही चालतं. फक्त जाड काच लावू नका. माझी लावल्या दिवशीच काढावी लागली.

जीपीएसमध्ये दोन्ही उत्तम. जुना फोन उंच इमारतींमधून धावताना मला थेट भिंतीतून आरपार गेलेला दाखवायचा. या दोघांत उपग्रहाच्या नेहमीच्या एल१ सिग्नलसोबत एल५ हा दुसरा सिग्नलही घेता येतो, भिंतींवर आपटून उशिरा येणारा सिग्नल त्यात बराचसा वेगळा काढता येतो. आता रेघ रस्त्यावरच राहते.

यूडब्ल्यूबी, म्हणजे जवळच्या वस्तूचं अंतर आणि दिशा नेमकी सांगणारं रेडिओ तंत्र, याचं मला आधी काही वाटत नव्हतं. मग एकदा टॅग लावलेल्या किल्ल्या सोफ्याच्या फटीत गेल्या. ब्लूटूथ फक्त ‘जवळपास आहेत’ एवढंच सांगत होतं. यूडब्ल्यूबीवाल्याने बाण दाखवून अंतर मोजत थेट त्या फटीपाशी नेलं.

होकायंत्र भलतीकडे दाखवायला लागलं तर सेन्सर बिघडला असं लगेच धरू नका. माझ्या कव्हरमध्ये चुंबक होतं. कव्हर काढलं, फोन हवेत इंग्रजी आठसारखा दोन-चारदा फिरवला, आणि सुई जागेवर आली.