ताडोबाच्या बुकिंगमध्ये २६,५०० घालवले, तुमचे जाऊ नयेत म्हणून लिहितोय

हे लिहायला खरंतर लाज वाटते कारण मी स्वतः ऑफिसात दिवसभर लोकांची बिलं तपासतो आणि तरी फसलो. पण आता परत सुट्ट्यांचा सीझन येतोय, लोक ताडोबाचं प्लॅनिंग करायला लागलेत, म्हणून लिहूनच टाकतो.

गेल्या मे मधली गोष्ट. आम्ही सहा जण, मी, बायको, दोन मुलं आणि सासू-सासरे. सहाच माणसं सफारीच्या जिप्सीत बसतात म्हणून म्हटलं एकदम फिट्ट बसतंय. पुण्याहून नागपूरपर्यंत रेल्वेचं तिकीट आधीच काढून ठेवलं होतं आणि सफारीचं बुकिंग मात्र राहिलं, ही पहिली चूक माझीच. सरकारी वेबसाइटवर मोहर्ली गेटचं बघायला गेलो तर आम्हाला पाहिजे त्या तारखा सगळ्या फुल. उन्हाळ्यात पाणवठ्यावर वाघ दिसतो त्यामुळे मे मध्ये झुंबड असते, कोअरच्या, म्हणजे आतल्या मुख्य जंगलाच्या, जागा कधीच्याच गेलेल्या असतात. मग जे सगळे करतात तेच केलं, मोबाईलवर सर्च मारला आणि मोहर्लीतल्या एका रिसॉर्टचं पेज सापडलं. फोटो छान, पूल, आंब्याची झाडं, खाली व्हॉट्सॲप नंबर.

माणूस बोलायला इतका गोड की काय सांगू. "सर टेन्शन नका घेऊ, आपल्याकडे रिसॉर्टवाल्यांचा वेगळा कोटा असतो." डीपीला वाघीण. म्हणाला ही माया, आणि माया तुम्हाला पक्की दाखवतो, पिल्लांसकट. आता ज्यांना ताडोबा माहिती आहे ते इथेच हसतील. माया २०२३ मध्येच गेली, पेपरात सगळीकडे आलं होतं, मी सुद्धा वाचलं होतं, पण त्या क्षणी डोक्यातच आलं नाही. मुलगा शेजारी उड्या मारत होता ना.

हिशोब असा होता. दोन जिप्सी सफारी प्रत्येकी ९,५००, दोन रात्रींचे रूमचे १२,०००, एकूण ३१,०००. अर्धे म्हणजे १५,५०० लगेच पाठवा. पाठवले. यूपीआयवर नाव रिसॉर्टचं नाही, कुणातरी माणसाचं आलं, विचारलं तर म्हणे "मालकांच्या भाच्याचं अकाउंट आहे सर, करंटवर लिमिट संपलंय." दोन दिवसांनी परमिट लॉक करायला ९,५००. तेही दिले. नंतर सासूबाईंच्या आधारवरचं नाव आणि परमिटवरचं नाव जुळत नाही म्हणून दुरुस्तीचे १,५००. उरलेले ६,००० तिथे आल्यावर. सासरे एसटीत होते, रिटायर झालेत, त्यांचा एकच प्रश्न, "पावती कुठंय?" मी म्हटलं बाबा आता सगळं पीडीएफ असतं. ते गप्प बसले, आणि ते गप्प बसणं मला आजपण आठवतं.

पीडीएफ आलं सुद्धा. वाघाचं चिन्ह, क्यूआर कोड, सहा जणांची नावं, सोमवार दुपार आणि मंगळवार सकाळ अशा दोन फेऱ्या.

सोमवारी नागपूरहून गाडी करून निघालो. बाहेर ४५ च्या आसपास ऊन, गाडीतला एसी नावाला. पोचल्यावर आधी रिसॉर्ट शोधलं. रिसॉर्ट खरंच आहे बरं का, त्याच नावाचं, आंब्याची झाडं पण तीच. काउंटरवरच्या पोराने रजिस्टर दोनदा चाळलं आणि आतून मॅनेजरना बोलावलं. त्या बिचाऱ्यांनी पाणी दिलं, बसवलं आणि म्हणाले, "तुमी या महिन्यातली चौथी फॅमिली आहात जी." त्यांचे फोटो उचलून कुणीतरी दुसरं पेज बनवलंय, नंबर स्वतःचा टाकलाय.

तरी मला आशा होती की रूम गेली तर गेली, परमिट तरी खरं असेल. अडीचला मोहर्ली गेटवर गेलो. खिडकीतल्या माणसाने कागद हातात घेतला, त्यांच्या यादीशी नावं लावली, मग कागद उन्हाकडे धरून नीट वाचला आणि बाजूच्या गाइडला दाखवला. गाइड मला म्हणाला, "दादा, हे उद्याचं परमिट कसं काय भेटलं तुम्हाला? मंगळवारी पार्क बंद राहते जी."

मंगळवार! ताडोबाचं कोअर दर मंगळवारी बंद असतं हे कुणालाही माहीत असतं, आणि मी तीन आठवडे तो कागद फोनमध्ये घेऊन फिरलो, शेजारच्यांना दाखवला. मग त्याने बोट वर नेलं. वर मोठ्या अक्षरात छापलं होतं, ताडोबा अंधेरी व्याघ्र प्रकल्प. अंधारी नाही, अंधेरी! अंधारी नदीवरून नाव आहे हो ते, आणि आम्ही लोकल पकडून वाघ बघायला निघाल्यासारखे. बायको त्या परिस्थितीत पण हसली, मला मात्र हसू आलं नाही. क्यूआर स्कॅन केला तर नुसतं सरकारी साइटचं पहिलं पान उघडतं, आपल्या बुकिंगचं काही नाही. घरी बसून हे करायला दहा सेकंद लागले असते.

अजून एक. त्या माणसाने सांगितलं होतं मोबाईल आत न्या, मस्त व्हिडिओ काढा. कोअरमध्ये मोबाईलला बंदी आहे, गेटवरच जमा करावा लागतो. म्हणजे हा माणूस कधी मोहर्लीला आला असेल असं मला वाटत नाही.

तिथूनच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लावला, सायबर पोर्टलवर तक्रार टाकली, स्क्रीनशॉट सगळे होते. तिकडून विचारलं पैसे कधी पाठवले, म्हटलं तीन आठवडे झाले, तर समोरून एक सुस्कारा ऐकू आला. पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे अडवता येतात, नंतर ते चार खात्यांतून फिरून निघून जातात. आमचे गेलेच. तक्रार नंबर आहे, बाकी काही नाही.

मॅनेजरनी दोन खोल्या कमी भावात दिल्या, बफरच्या, म्हणजे कोअरभोवतीच्या जंगलाच्या, एका गेटवर दुपारच्या फेरीसाठी फोन पण करून बघितला पण तोवर गाड्या आत गेल्या होत्या. संध्याकाळी इरई धरणाच्या काठावर जाऊन बसलो. धाकट्याने पूर्ण ट्रिपमध्ये बघितलेला वन्यप्राणी म्हणजे भिंतीवर बसलेलं एक वानर, त्याने आमच्या चिवड्याची पिशवी नेली. मंगळवारी चंद्रपुरात जटपुरा गेट, महाकालीचं दर्शन, आणि परतताना वरोऱ्याला आनंदवन. ते आवडलं मुलांना, खोटं का बोलू.

पैसे गेल्यापेक्षा सासऱ्यांनी एकदाही "मी म्हटलं होतं" असं म्हटलं नाही याचं जास्त वाटतं. परत येताना गाडीत त्यांनी फक्त विचारलं, पुढच्या वर्षी यायचं का, मी बघतो बुकिंगचं. आणि खरंच बघतायत, सरकारी साइटवर स्वतःचं लॉगिन काढलंय, आधार समोर ठेवून अक्षर अन् अक्षर जुळवून नावं टाकतात, मंगळवार कॅलेंडरवर लाल पेनाने खोडलेत.

तो नंबर मी ब्लॉक केला नव्हता. परवा बघितलं तर डीपी बदललाय. आता सिंह आहे, गीरचा असणार.