सीक्वलायझर: फुगून वर आलेला मासा तळाशी पोचवणारी पकड

चार्टर बोटीवर (मासेमारीसाठी भाड्याने मिळणाऱ्या बोटीवर) रॉड, रीळ आणि गळ यांच्यावर तासभर वाद घालणारे पुष्कळ भेटतात. सोडून द्यायच्या माशाचं काय करायचं, हा प्रश्न मात्र पहिला मासा पोट वर करून तरंगायला लागल्यावर निघतो. मग सामानाच्या पेटीत तळाशी गेलेलं, मासा परत खोल पाण्यात नेणारं सीक्वलायझर हे यंत्र शोधायचं, त्याला दोरी बांधायची, वजन कुठे ठेवलंय ते विचारायचं. तोवर मासा गेलेला असतो. सीक्वलायझरबद्दलच्या निम्म्या तक्रारींचं मूळ इथेच आहे. वस्तू चांगली आहे, पण आदल्या रात्री जोडून ठेवली तरच.

ही माशाच्या ओठाला धरणारी पकड आहे. खालच्या जबड्यावर लावायची, खाली वजन जोडायचं आणि मासा पाण्यात सोडायचा. ठरवलेल्या खोलीवर पोचल्यावर पाण्याच्या दाबाने पकड आपोआप उघडते आणि मासा मोकळा होतो. साध्या मॉडेलवर 50, 100 आणि 150 फूट अशा तीन खोल्या निवडता येतात. उथळ पाण्यासाठी 30, 50, 70 आणि खोल पाण्यासाठी 100, 200, 300 फुटांचं मॉडेल वेगळं मिळतं.

गरज कशासाठी, ते आधी बघू. स्नॅपर आणि ग्रूपर (मराठीत तांबोशी, हेकरू म्हणतो ती कुळं) तळाच्या खडकांजवळ राहतात आणि त्यांच्या पोटात हवेची पिशवी असते. साधारण 33 फुटांमागे दाब एका वातावरणाने वाढतो, म्हणजे 150 फुटांवर तो पृष्ठभागाच्या साडेपाच पट असतो. मासा झपाट्याने वर ओढला की पिशवीतला वायू तितक्याच पटीने फुगू पाहतो. मग तोंडातून जठर बाहेर येतं, डोळे बटणासारखे पुढे येतात, खवले उभे राहतात. असा मासा पाण्यात टाकला तरी बुडत नाही, आणि तरंगत राहिला की शार्क किंवा डॉल्फिन त्याला सोडत नाहीत. उन्हाळ्यात भर पडते ती तापमानाची. तळाच्या थंड थरातून मासा एकदम कोमट पाण्यात येतो, त्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजनही कमी, आणि वर तापलेला डेक. म्हणून हिवाळ्यात चालून गेलेला आळस उन्हाळ्यात चालत नाही.

सुरमई आणि कोबिया यांना हवेची पिशवीच नसते. त्यांना हे यंत्र लावू नका, उगाच वेळ जातो. ओल्या हाताने गळ काढा आणि डोकं खाली करून पाण्यात सोडा.

आता वजनाबद्दल, कारण बहुतेकांची चूक इथे होते. सागरी माशाची हवेची पिशवी शरीराच्या घनफळाच्या साधारण 5 टक्के धरतात. 4 किलोचा मासा घ्या. तळाशी त्याच्या पिशवीत 200 मिलिलिटर वायू आहे. 150 फुटांवरून वर आल्यावर सगळा वायू शरीरातच अडकून राहिला, तर तो 1100 मिलिलिटर होतो. म्हणजे 900 मिलिलिटर जादा, आणि तेवढीच, जवळपास 900 ग्रॅमची, वर ढकलणारी ताकद. एक किलो शिसं पाण्यात साधारण 910 ग्रॅम भरतं. थोडक्यात, एक किलो शिशाने हा मासा जेमतेम तोलला जातो, खाली जात नाही. प्रत्यक्षात पिशवी फाटून थोडा वायू निसटतो, त्यामुळे आकडा कमीजास्त होईल, पण त्या भरवशावर राहू नये. या आकाराला दीड किलोपासून सुरुवात करावी आणि 8-10 किलोच्या ग्रूपरसाठी तीन-साडेतीन किलो हाताशी ठेवावं.

शिशाऐवजी बाटलीत काँक्रीट भरून वजन करणारेही आहेत. काँक्रीट पाण्यात आपलं चाळीस टक्क्यांहून जास्त वजन गमावतं. डेकवर उचलताना दीड किलो लागणारी बाटली पाण्यात किलोभरही राहत नाही. करायचीच असेल तर दुप्पट मोठी करा.

मेक्सिकोच्या आखातातल्या अमेरिकी संघीय पाण्यात 2022 मध्ये डिसेंड कायदा लागू झाला. बोटीवर हवा काढायची सुई किंवा मासा खाली नेणारं जोडून तयार असलेलं साधन असावं, अशी त्याची अट होती, आणि अशा साधनाला किमान 16 औंस वजन व 60 फूट दोरी लागे; कायद्याची मूळ मुदत जानेवारी 2026 पर्यंतची होती. आता वरचं गणित पुन्हा बघा. 16 औंस म्हणजे 454 ग्रॅम. कागदोपत्री सगळं बरोबर, आणि मासा तरंगतोय! तिथे चार्टर बोटींचा रेड स्नॅपरचा हंगाम 1 जूनला उघडतो, माणशी 2 मासे आणि किमान लांबी 16 इंच. म्हणजे लहान मासे आणि मर्यादेपुढचे मासे परत सोडायची वेळ येते ती ऐन उन्हाळ्यातच. कप्तानाने नावापुरतं वजन ठेवलंय की कामापुरतं, हे बोट सुटण्याआधी पेटी उघडून बघावं.

खोली कोणती लावायची? तळाच्या जितकी जवळ तितकी चांगली, पण तळापेक्षा वरचीच. तळ 140 फुटांवर असताना 150 लावलं तर पकड कधीच उघडणार नाही आणि तोच मासा दुसऱ्यांदा वर ओढावा लागेल. तिथे 100 लावा. 100 फुटांवर दाब चार पट असतो, आपल्या 4 किलोच्या माशातला 1100 मिलिलिटर वायू 275 वर येतो, मूळच्या 200 च्या बराच जवळ. त्याच माशाला 50 वर सोडलं तर 440 मिलिलिटर उरतो आणि दमलेल्या माशाला खालचं अंतर स्वतः पोहून कापावं लागतं.

प्रवाह असेल तर आणखी एक फसगत होते. रिळावरून 120 फूट दोरी गेली म्हणून यंत्र 120 फुटांवर आहे असं नव्हे. बोट वाहत असली की दोरी तिरकी पडते आणि यंत्र 80-90 फुटांवरच लोंबकळतं. ‘उघडतच नाही’ ही तक्रार बहुधा अशा दिवसाची असते. वजन वाढवा, किंवा कप्तानाला बोट प्रवाहात धरून ठेवायला सांगा. तरीही मासा तसाच वर आला तर खोलीचा आकडा एक पायरी कमी करून लगेच पुन्हा सोडा.

यासाठी वेगळा रॉड हवा. आखूड, ताठ, 65-80 पौंडांच्या वेणीच्या दोरीचं मोठं रीळ, जोडांवर दणकट स्विव्हल (दोरीला पीळ पडू न देणारी फिरती कडी). हाताने दोरी सोडणं 60 फुटांपर्यंत ठीक, पुढे तळवे सोलतात. गळ काढायची पक्कड त्याच रॉडजवळ टांगलेली असावी. हात ओले, मासा आडवा धरलेला, गळ काढला, पकड लावली, बोटीबाहेर. मिनिटाच्या आत हे व्हायला हवं. बाहेर आलेलं जठर बोटाने आत ढकलू नका, त्याला भोकही पाडू नका. पुष्कळांना तीच हवेची पिशवी वाटते. खाली गेल्यावर दाब वाढतो आणि ते आपोआप आत जातं.

उणिवा आहेतच. सर्वात मोठी म्हणजे एका वेळी एक मासा. सहा ग्राहक, एक खलाशी आणि चार रॉड एकदम वाकले, की 150 फूट खाली-वर होईपर्यंत उरलेले तीन मासे डेकवर तापत पडतात. अशा बोटीवर दोन नग तरी हवेत, नाहीतर गळ टाकणाऱ्यांची संख्या कमी करावी. लहान, कडक तोंडाच्या ट्रिगरफिशवर पकड नीट बसत नाही, निसटते. मासा वाटेतच शार्कने नेला तर त्यावर या यंत्राकडे उपाय नाही. जागा बदलायची.

उलटी टोपली हा स्वस्त पर्याय. प्लास्टिकचा क्रेट उपडा करायचा, काठांना वजन, वरच्या बाजूला दोर. दोन-तीन लहान मासे एकदम जातात, पण एखादा अर्ध्यातच बाहेर पडून वर येतो. वजन लावून ओठात अडकवायचा बिनआकडीचा उलटा गळ आणखी साधा, मात्र लाटेवर बोट उचलली की मासा आधीच सुटतो. आणि पिशवीतली हवा काढायची 16 गेजची (जाडीची) पोकळ सुई. ती वेगवान आहे, पण जागा माहीत असणाऱ्या हातातच. छातीच्या परापासून इंच-दोन इंच मागे, खवल्याखालून, 45 अंशात. अंदाजाने टोचणाऱ्याच्या हातात सुईपेक्षा टोपली बरी.

देखभाल फारशी नाही, पण टाळली की यंत्र रुसतं. प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्यात बुडवून पकड पाच-सहा वेळा उघडमीट करा, म्हणजे सांध्यातलं मीठ आणि वाळू निघते. वरून नळाची धार मारून भागत नाही. दोरीच्या शेवटच्या दोन-तीन फुटांवरून बोट फिरवा, खरखर लागली तर तेवढा तुकडा कापून गाठ नव्याने मारा. दाबावर चालणारी वस्तू असल्याने तेल-ग्रीस लावायच्या भानगडीत पडू नका. पुढच्या फेरीआधी पकड मोकळी हलते ना आणि आकडा त्या दिवशीच्या तळापेक्षा कमी आहे ना, हे दोन्ही धक्क्यावरच बघून घ्या.